जुन्या बुलेटचा कार्बोरेटर: खोलण्याआधी काय पाहायचं, खोलल्यावर काय करायचं

बाबांची १९८९ ची बुलेट ३५० इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी जिन्याखाली सहा वर्षं उभी होती. गेल्या पावसाळ्यानंतर ती बाहेर काढली, नवी बॅटरी बसवली, ताजं पेट्रोल भरलं आणि किक मारली. चालू झाली, पण उभ्या जागी भकभक करायची, रेस दिली की गुदमरायची आणि तापली की बंद पडायची. ज्याला विचारावं त्याने एकच निदान केलं: कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. मी तीन रविवार घालवून तो तीन वेळा खोलला, दोन जेट बदलले, एका स्क्रूचा माथा झिजवला. गाडी तशीच. शेवटी छावणीतल्या एका वयस्कर उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच शब्द विचारले, “बिजली देखी?” दोष कंडेन्सरमध्ये, म्हणजे ठिणगीच्या वायरिंगमधल्या एका छोट्या भागात होता.

पुढे कार्बोरेटरचेही दोन खरे दोष निघालेच. पण ते सापडले ते क्रमाने शोधल्यावर. तो क्रम इथे मांडतो आहे. घरात पडून असलेली जुनी गाडी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरण बुलेटवरच्या व्हीएम २४ मिककार्ब कार्बोरेटरचं आहे. राजदूत, येझदी, आरएक्स १०० यांच्या कार्बमध्येही स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग), नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि जेट (नेमक्या मापाचं छिद्र असलेले छोटे पितळी तुकडे) हेच काम करतात, त्यामुळे तर्क तिथेही हाच चालतो. टू-स्ट्रोकपुरता जो फरक पडतो तो त्या त्या ठिकाणी सांगेन.

काय जवळ ठेवायचं

स्क्रूच्या माथ्यात नेमके बसणारे दोन-तीन पेचकस (यात काटकसर करू नका, मऊ माथा एकदा फिरला की अर्धा दिवस जातो), बुलेटच्या मापाचे पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, कार्ब क्लीनरचा स्प्रे, लवचीक वायरमधली तांब्याची एखादी तार, पारदर्शक पेट्रोल पाइपचा फूटभर तुकडा, एक काचेची बाटली, स्टीलची पसरट परात, जुनं पांढरं धोतर किंवा चादर. नवे वॉशर आणि पॅकिंग आधीच आणून ठेवा. हत्यारं आणि हार्डवेअर सियागंजात मिळून जातं. जेट घेताना मात्र जुना जेट खिशात घालून न्या आणि त्याच्यावर कोरलेला आकडा दुकानदाराला दाखवा.

एक वहीही हवी. स्क्रू किती वेढे बाहेर होता, क्लिप कुठल्या खाचेत होती, काय बदललं आणि काय फरक पडला, हे तारखेसह लिहा. पहिले तीन रविवार माझ्याकडे वही नव्हती, म्हणून तेच तेच प्रयोग पुन्हा होत राहिले.

रस्त्यावर चाचणी घ्यायची म्हणजे आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवेत. नोंदणीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. गाडी दुरुस्त झाल्यावर बघू म्हणून हे टाळू नका. पीयूसीचा कागद तर ट्यूनिंगलाच उपयोगी पडतो, ते पुढे येईल.

आगीबद्दल आत्ताच सांगतो. पेट्रोलचं काम उघड्यावर आणि दिवसाउजेडी करा. आमच्याकडे आई दिवेलागणीला तुळशीपाशी निरांजन ठेवते. अंगणात कार्ब उघडा असेल तर ते काम चारच्या आत आटपतं आणि परातीतलं पेट्रोल डब्यात झाकून दूर जातं. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, दिवा पाच हात लांब आहे हा दिलासा पुरेसा नाही.

१. आधी वीज, मग दाब

बुलेटचं इग्निशन बॅटरी आणि कॉइलवर चालतं. बॅटरी उतरलेली असेल तर ठिणगी कमजोर पडते आणि गाडी अगदी कार्ब बिघडल्यासारखी वागते. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करूनच पुढचं सगळं करा.

प्लग काढा, टोपीत बसवा आणि त्याचं धातूचं अंग हेडच्या फिन्सवर टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळसर आणि चट्-चट् आवाज करणारी हवी. पिवळी, आळशी ठिणगी दिसली तर कार्बला हात लावू नका. पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांचं, झाकण काढा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.३५ ते ०.४० मिमी भरली पाहिजे, आणि दोन्ही टोकं करडी, स्वच्छ दिसली पाहिजेत. इंजिन चालू असताना अंधाऱ्या जागी पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि टोकं काळी पडत असतील तर कंडेन्सर बदला. माझ्या गाडीत हेच होतं. थंड असताना कंडेन्सर काम करायचा, वीस मिनिटांनी तापला की सोडून द्यायचा. “तापल्यावर बंद पडते” ही तक्रार ऐकून सगळे कार्बकडे बोट दाखवत होते, कारण पंधरा मिनिटं थांबलं की गाडी पुन्हा चालू व्हायची आणि प्रत्येकाला वाटायचं की पेट्रोल भरून आलं.

दाब पाहायला साधन लागत नाही. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) न दाबता किकवर उभे राहा. किकने तुमचं वजन क्षणभर तरी पेललं पाहिजे. सरळ खाली गेली तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट) बघा. टॅपेट इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून पाहायचे: पुश रॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये.

२. पेट्रोल कार्बपर्यंत येतं का

वर्षानुवर्षं पडलेल्या पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येतो. ते “थोडं नवं मिसळून” वापरू नका, सगळं काढा. मग कार्बकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार अखंड हवी. दोन मिनिटं पाहत राहा, कारण आत गंज असेल तर पहिले काही सेकंद धार छान येते आणि मग बारीक होत जाते. बाटली उन्हात धरा. तळाशी तांबूस गाळ किंवा पाण्याचा थेंब दिसला तर टाकी आणि कॉकची जाळी धुतल्याशिवाय कार्ब साफ करण्यात अर्थ नाही, आठवड्यात पुन्हा तोच गाळ जेटमध्ये बसेल.

टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बंद असेल तर मजेशीर लक्षण दिसतं. मी एकदा महूला निघालो होतो. राऊपर्यंत गाडी उत्तम चालली, मग झटके मारत थांबली. पेट्रोल आहे का पाहायला झाकण उघडलं तर आत हवा शिरल्याचा स्पष्ट सुस्स असा आवाज आला. तशीच किक मारली, चालू झाली, आणि सात-आठ किलोमीटरवर पुन्हा तेच. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरतच नव्हतं. तारेने छिद्र मोकळं केलं, विषय संपला. ठरावीक अंतरावर बंद पडणाऱ्या गाडीत हे सगळ्यात आधी तपासा.

३. तक्रार नेमकी कुठे येते ते टिपा

या पायरीला घाई करू नका. रेसची मूठ आणि तिच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेनाने खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. आता गाडी चालवा आणि त्रास कुठल्या खुणेवर होतो ते पाहा. गाडीचा वेग किंवा गिअर इथे कामाचा नाही, मूठ किती पिळली आहे तेवढंच महत्त्वाचं. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने सपाटीवर जाताना मूठ पावच असते, तीच चढावर अर्धी होते.

मूठ बंद असल्यापासून साधारण एक-अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य असतं. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण नीडल आणि तिच्यावरची क्लिप. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण दोष शोधायला एवढी विभागणी पुरते. उभ्या जागी गाडी टिकत नाही म्हणून मेन जेट बदलणारे मी पाहिले आहेत, पहिल्या रविवारी मीही तेच केलं. आयडलिंगला मेन जेटचा काही संबंध नाही.

आता त्या खुणेवर पेट्रोल जास्त पडतंय की कमी, हे ठरवायचं. जास्त असेल तर आवाज जड, भकभक, सायलेन्सरमधून काळसर धूर आणि पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी. कमी असेल तर मूठ सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट, कार्ब मागे शिंकल्यासारखा आवाज, इंजिन गरजेपेक्षा तापणं आणि प्लग पांढरट. शंका असेल तर दोन सोप्या परीक्षा आहेत. मंद रेसवर चोक हळूच अर्धा लावा: गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, बिघडली तर आधीच जास्त होतं. दुसरी, चालू गाडीचा कॉक बंद करा. बाउलमधली (कार्बच्या तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीतली) पातळी उतरत जाते तसं मिश्रण हलकं होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी एकदम मोकळी, सुरेल चालली तर पेट्रोल जास्त होतं असं समजा.

चोकबद्दल नव्या लोकांचा एक गैरसमज असतो. या कार्बमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पट्टी नाही, पेट्रोलचा वेगळा छोटा मार्ग उघडणारा प्लंजर आहे. मूठ बंद असतानाच तो नीट काम करतो. इंदूरला डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी चोक लावून वर मूठही पिळत राहिलात तर चोकचा परिणाम निघून जातो आणि पायाला फक्त किका बसतात. आणि त्या प्लंजरच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर चोक बंद असूनही पेट्रोल जात राहतं. एअर स्क्रू कितीही फिरवला तरी गाडी “जड”च राहते तेव्हा हे रबर पाहा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे लक्षात ठेवावं: पेट्रोलमध्ये ऑइल जास्त टाकलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं. म्हणजे सुरक्षिततेसाठी टाकलेलं जादा ऑइल धूर वाढवतं आणि मिश्रण उलट हलकं करतं. प्लग काळा आणि ओलसर दिसला म्हणून लगेच जेट लहान करू नका, आधी ऑइलचं माप तपासा.

४. मधेच हवा शिरते का

कार्ब आणि हेड यांच्यामध्ये इन्सुलेटर आणि पॅकिंग असतं. इथून हवा शिरली तर रेस आपोआप वर जाते, खाली यायला वेळ लावते आणि एअर स्क्रूचं काहीही चालत नाही. इंजिन मंद चालू ठेवून सांध्याभोवती साबणाचं पाणी लावा. आवाजात फरक पडला तर हवा तिथूनच जाते. या कामाला कार्ब क्लीनर फवारणारे बरेच आहेत. तापलेला बेंडपाइप शेजारी असताना मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नये.

कारण बहुतेक वेळा एकच असतं: कधीतरी कोणीतरी नट फार आवळले आणि फ्लँजची (कार्बच्या हेडला टेकणाऱ्या सपाट जोडपट्टीची) दोन्ही टोकं वाकून मध्यभाग उचलला. काचेच्या तुकड्यावर फ्लँज ठेवून डोळ्यासमोर धरा, मधली फट दिसते. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर फ्लँज आठच्या आकड्यासारखी हलक्या हाताने फिरवा, पूर्ण पृष्ठभाग सारखा चमकेपर्यंत. नवं पॅकिंग घाला. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा, आणि बसल्यावर थांबा. माझ्या गाडीतला कार्बचा पहिला खरा दोष हाच होता.

५. उतरवणं

कॉक बंद, बाउलचं पेट्रोल बाटलीत. वरचं गोल झाकण फिरवलं की केबलसकट स्लाइड आणि नीडल वर येतात. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हँडलला बांधून ठेवा, लोंबकळत राहिली तर नीडल वाकते. बाकी कार्ब अंगणात टेबलावर आणा, पांढऱ्या कापडावर परात ठेवा आणि परातीत उघडा. स्प्रिंग आणि बारीक वॉशर उडाले तरी परातीतच पडतात. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

एअर स्क्रू काढण्याआधी तो हळूच पूर्ण आत फिरवा आणि किती वेढे गेले ते मोजा. लिहा. आत टेकल्यावर जोर देऊ नका, टोक आणि बसण्याची जागा दोन्ही नाजूक असतात.

६. सफाई

मेन जेट समोरच दिसतो. पायलट जेट खोल नळीत लपलेला असतो आणि तोच जास्त वेळा तुंबतो. तो काढताना पेचकसचं पातं नळीच्या रुंदीचं हवं. अडकला असेल तर क्लीनर मारून रात्रभर ठेवा, जबरदस्तीने खाच तुटली तर बॉडीच जाते.

काढलेला जेट सकाळच्या आकाशाकडे धरून आरपार पाहा. माझ्या पायलट जेटमधून उजेड दिसत होता, म्हणून पहिल्या तिन्ही वेळी मी त्याला साफ समजून परत लावला. चौथ्यांदा भाच्याचं भिंग घेतलं. पूर्ण चंद्राऐवजी चंद्रकोर दिसली. अर्ध्या छिद्रावर वाळलेल्या पेट्रोलची हिरवट पापडी होती. गाडी उभ्या जागी न टिकण्याचं कारण डोळ्यासमोर होतं, आणि मी ते तीनदा स्वच्छ म्हणून मोकळा झालो होतो. तेव्हापासून जेट दिसतो का हे न पाहता तो गोल दिसतो का हे पाहतो.

जेटमध्ये पिन, सुई, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की जेटवरचा आकडा खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवा, तांब्याच्या एका तारेने हलकेच मोकळं करा, मग हवा मारा. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालतो, फक्त जेट मुठीत घट्ट धरा. देवाची पितळी भांडी चिंचेने चकचकीत होतात म्हणून कोणी कार्बलाही चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी सुचवेल. जेटला एकवेळ क्षणभर चालेल, पण बॉडीचा मिश्रधातू आंबटाने काळा पडतो आणि खरवडला जातो. अख्खा कार्ब असल्या पाण्यात कधीही बुडवू नका.

बॉडीच्या आतल्या वाटा डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून त्या फवारून तपासायच्या. सगळी रबरं काढा, डोळ्यांवर चष्मा लावा. पायलट जेटच्या नळीत स्प्रेची नळी टेकवून फवारा: स्लाइडखालच्या बारीक छिद्रातून आणि एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनर बाहेर आलं पाहिजे. एका जागी आलं नाही तर तीच वाट बंद आहे. आलटून पालटून दोन्ही टोकांनी फवारा आणि हवा द्या. माझ्याकडे एक वाट मोकळी व्हायला दोन दिवस लागले.

७. फ्लोट

फ्लोट म्हणजे बाउलमध्ये तरंगणारा तुकडा, बाउल भरला की तो नीडल दाबून पेट्रोल थांबवतो. कार्बच्या ओव्हरफ्लोतून पेट्रोल गळत असेल तर एकतर फ्लोट नीडलखाली कचरा अडकला आहे, नीडलच्या टोकावर गोल खाच पडली आहे किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरलं आहे. फ्लोट कानाशी हलवा, आत डुबडुब ऐकू आलं तर तो गेला. रिकामा वाटला तरी गरम पाण्यात दाबून धरा, बारीक बुडबुडे निघाले तर चीर आहे.

पातळी पाहायला कार्ब उलटा धरा. फ्लोटचा दांडा बॉडीच्या पॅकिंगच्या कडेला समांतर असावा. तशाच उलट्या कार्बच्या पेट्रोल नळीत स्वच्छ पाइप लावून फुंका: हवा अडली पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की ती मोकळी गेली पाहिजे. पातळी बदलायची तर मधली छोटी जीभ अगदी केसभर वाकवा. पातळी चुकीची असेल तर बाकी सगळे जेट बरोबर असूनही गाडी सर्व खुणांवर एकसारखी जड किंवा हलकी वागते, आणि माणूस एकेक जेट बदलत बसतो.

८. परत जोडताना

रिपेअर किटमधली पॅकिंग आणि रबरं वापरा. त्यातले जेट आणि नीडल मात्र तुमच्या मूळ भागांशी ताडून बघा. मूळ शाबूत असतील तर मी तेच परत लावतो.

स्लाइडचा तिरपा काप एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे आणि खाच बॉडीतल्या पिनवर बसली पाहिजे. उलटी लागली तर पहिल्याच किकला इंजिन बेफाम रेस घेईल. म्हणून किक मारण्याआधी मूठ पिळून सोडा: स्लाइड खाली बसल्याचा टक् असा स्वच्छ आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर किक मारू नका. केबलला दोन-तीन मिमी ढील ठेवा, आणि चालू गाडीत हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहा. रेस वाढली तर केबल ताणली जाते आहे.

स्लाइड बॉडीत हलवल्यावर जाणवण्याइतकी खडखडत असेल तर तो कार्ब झिजला आहे. तिथे ट्यूनिंग टिकत नाही, आज बसवलेलं उद्या बदलतं. जुन्या मूळ कार्बचा जीव लागलेला असतो हे मला कळतं, माझाही आहे. तरी रोज चालवायच्या गाडीला नवा कार्ब लावून मूळचा तेल लावून जपून ठेवणं बरं.

९. एअर स्क्रू आणि आयडलिंग

गार इंजिनवर केलेलं ट्यूनिंग वाया जातं. आठ-दहा किलोमीटर फिरून या. स्लाइडला टेकणारा स्क्रू रेस कमी-जास्त करतो. फिल्टरच्या बाजूचा बारीक एअर स्क्रू मिश्रण ठरवतो. एअर स्क्रू आत म्हणजे हवा कमी, मिश्रण जड, आणि बाहेर म्हणजे हलकं. सुरुवात दीड वेढ्यावरून करा. रेस थोडी वर ठेवा, मग एअर स्क्रू पाव-पाव वेढा फिरवा आणि प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबा, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे रेस सर्वात वर आणि एकसारखी, तिथे सोडा. आता रेस खाली आणा. बुलेटचा ठोका मोजता येईल इतका संथ करण्याचा मोह होतो, पण फार खाली आणलं तर ऑइल पंपही मंद पडतो आणि अँमीटरचा काटा उणेकडे राहतो.

सगळ्यात चांगली जागा अर्ध्या वेढ्याच्या आत सापडली तर पायलट जेट लहान पडतो आहे किंवा अजून तुंबलेला आहे. अडीच-तीन वेढ्यांच्या बाहेर गेली तर जेट मोठा आहे.

आता पीयूसी. तपासणी मंद रेसवर होते, म्हणजे मशीन तुमच्या पायलट जेट आणि एअर स्क्रूचाच निकाल सांगतं. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. आकडा मर्यादेला भिडलेला आला तर मिश्रण जड आहे. कागद वहीत चिकटवा आणि पुढच्या वेळच्या आकड्याशी तुलना करा. कानाने लावलेलं ट्यूनिंग खरं किती उतरलं हे सांगणारं एवढं स्वस्त यंत्र दुसरं नाही.

१०. नीडल, मेन जेट आणि हल्लीचं पेट्रोल

नीडलवर पाच खाचा असतात, क्लिप सुरुवातीला मधल्या खाचेत ठेवा. क्लिप वर सरकवली की नीडल खाली जाते आणि मिश्रण हलकं होतं. खाली सरकवली की जड. नवीन माणूस हे हमखास उलटं करतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मेन जेटची परीक्षा रिकाम्या सरळ रस्त्यावर. मी सुपर कॉरिडॉरला पहाटे सहाच्या सुमारास जातो. चढ हवा म्हणून भेरूघाटात हे करू नका, तिथे ट्रक आणि वळणं आहेत आणि लक्ष प्लगवर ठेवून तो घाट चढता येत नाही. पूर्ण मुठीवर थोडं अंतर चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा, बाजूला थांबून प्लग काढा. टोकाजवळचा चिनी मातीचा भाग भाजलेल्या बिस्किटासारखा हवा. रस्त्यावरून मंद चालवत घरी येऊन पाहिलेला प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही.

जुन्या पुस्तिकांतली मापं ज्या पेट्रोलसाठी होती ते आता पंपावर मिळत नाही. आजच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप हलकं पडतं. माझ्या गाडीत ९० चा मेन जेट होता. उन्हाळ्यात, ४० अंशांच्या दुपारी ती पाऊण मुठीवर गुदमरायची आणि प्लग पांढरा निघायचा. क्लिप एक खाच खाली घेतली, मेन जेट ९५ केला आणि ते थांबलं. तुम्ही आधी क्लिप बदला, आठवडाभर चालवा, मगच जेटला हात लावा. एका वेळी एकच बदल.

मोकळा शंकूसारखा फिल्टर किंवा शॉर्ट बॉटल सायलेन्सर लावला असेल तर मिश्रण आणखी हलकं होतं. मूळ फिल्टरचा डबा मिळत असेल तर तो परत लावा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

११. उभी ठेवताना

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याने फुगतं. पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर आणि बाउलचं रबर इथेनॉल सोसणारं घ्या. दोन-तीन आठवड्यांहून जास्त गाडी चालणार नसेल तर कॉक बंद करून बाउल रिकामा करा. माळव्यातल्या पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर माझी गाडी फारशी बाहेर पडत नाही. त्या काळात टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेत दमट हवा राहत नाही आणि पत्रा गंजत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा गाडी बाहेर काढून दहा किलोमीटर फिरवून आणतो, परतल्यावर घराच्या कोपऱ्यावर कॉक बंद करतो, आणि बाउलमधलं पेट्रोल संपून ती जिन्याखाली पोहोचेपर्यंत आपोआप थांबते.